गाठ लहान झाली, पण उरले कोण?

एक सेंटीमीटर व्यासाच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात, असे कर्करोगशास्त्रात वर्षानुवर्षे धरले जाते. समजा, त्यांतल्या एक टक्का पेशींमध्येच नवी गाठ उभी करण्याची ताकद आहे. अशा पेशींना कर्करोगाच्या मूलपेशी किंवा बीजपेशी म्हणतात. एखाद्या औषधाने नेमका हा एक टक्का संपवला आणि बाकीच्यांना हातही लावला नाही, तर पुढच्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच दिसेल. दुसऱ्या औषधाने उरलेल्या नव्व्याण्णव टक्के पेशी मारल्या आणि तो एक टक्का तसाच सोडला, तर गाठीचा व्यास दोन मिलिमीटरच्या आसपास येईल आणि स्कॅन स्वच्छ असल्याचा अहवाल मिळेल. प्रत्यक्षात मागे एक कोटी पेशी असतील, आणि त्या सगळ्या बीजाच्या. घन गाठींवरच्या औषधाचा प्रतिसाद आजही गाठींच्या सर्वांत लांब व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की नाही, यावर ठरतो. त्या पट्टीने पहिले औषध नापास आणि दुसरे पहिल्या श्रेणीत पास.

हे गणित बरोबर आहे. त्याच्या आडोशाला गेल्या वीसेक वर्षांत जे दावे उभे राहिले, त्यांतले बरेचसे मात्र बरोबर नव्हते. गाठ लहान न होणे म्हणजे औषध निकामी असणे नव्हे, एवढे एकदा मान्य झाले आणि खरोखर निकामी असलेल्या औषधालाही ‘मूलपेशींवर काम करणारे’ म्हणण्याची सोय झाली. माझे म्हणणे असे की कर्करोगाच्या मूलपेशींचे संकेतमार्ग, म्हणजे पेशीला वाढीचे आदेश पोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्या, बंद करण्याची कल्पना टाकून देण्यासारखी मुळीच नाही. पण औषधानंतर उरलेल्या पेशींची गाठ उभी करण्याची ताकद घटली, हे ज्या औषधाने मोजून दाखवलेले नाही, ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत शेकडो रुग्णांपुढे नेऊ नये. नियामकांनी ही अट लेखी घालावी.

मूळ कल्पनेला भक्कम आधार रक्ताच्या कर्करोगातून मिळाला. १९९४ मध्ये टोरांटोतील जॉन डिक यांच्या गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या, तेव्हा रोग रुजवण्याची क्षमता सीडी३४ हे पृष्ठभागावरचे ओळखचिन्ह असलेल्या पण सीडी३८ हे चिन्ह नसलेल्या पेशींच्या छोट्याशा गटात आढळली. २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगात सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ जवळपास नसलेल्या अवघ्या शंभर पेशींनी गाठ उभी केली. इतर पेशी हजारोंनी टोचूनही उभी राहिली नाही. मग मेंदू, आतडे, स्वादुपिंड अशी यादी वाढत गेली. २००८ मध्ये मेलानोमाने, त्वचेच्या एका कर्करोगाने, पहिला दणका दिला. प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेला उंदीर वापरला, पेशींना आधार देणारे जेल सोबत टोचले, तर रुग्णाच्या गाठीतल्या साधारण चारांपैकी एका पेशीने एकटीने गाठ उभी केली. म्हणजे ‘दुर्मीळ’ पेशी पुष्कळदा रोगात दुर्मीळ नसतात, चाचणीत दुर्मीळ असतात. उंदीर बदलला की त्यांची संख्या बदलते.

दुसरा दणका जास्त खोलवर बसला. २०१७ मध्ये आतड्याच्या कर्करोगात एलजीआर५ हे चिन्ह असलेल्या मूलपेशी जनुकीय युक्तीने निवडून मारण्यात आल्या. उंदरांतल्या प्रयोगात मूळ गाठीची वाढ थांबली, पण गाठ विरघळली नाही. चिन्ह नसलेल्या पेशींनी तिला तगवले, आणि मारणे थांबवताच त्यांच्यातूनच नव्या एलजीआर५ पेशी तयार झाल्या. त्याच सुमारास मानवी गाठींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या प्रतिकृतींवरच्या (ऑर्गेनॉइड) प्रयोगातही पक्व झालेल्या पेशी मागे फिरून मूलपेशी बनताना दिसल्या. मूलपेशीपण हे खुर्चीसारखे आहे. बसलेल्याला उठवले तर शेजारचा बसतो. मात्र यकृतात पसरलेल्या गाठींना या पेशींवाचून तग धरता आला नाही, म्हणजे एकाच रोगात जागेनुसार उत्तर बदलते. खुर्ची रिकामी करणे पुरत नाही, ती मोडावी लागते. आणि तिला धरून ठेवणारे खिळे म्हणजे संकेतमार्ग. म्हणून नजर मार्गांवरच ठेवायला हवी, हे मला पटते. अडचण पुढे सुरू होते.

हे मार्ग कर्करोगाने शोधलेले नाहीत. विंट, नॉच आणि हेजहॉग हे तिन्ही मार्ग गर्भात अवयव घडवतात आणि प्रौढपणी आतडे, त्वचा, केसांची मुळे, हाडे, रक्त यांची रोजची दुरुस्ती करतात. हेजहॉगवरच्या पहिल्या रेणूचा शोधच या सत्याची साक्ष देतो. अमेरिकेतल्या आयडाहोत गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवसाच्या सुमारास एक रानटी वनस्पती चरली की कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे जन्मत. त्या वनस्पतीतला पदार्थ म्हणजे सायक्लोपामीन, आणि तो स्मूदन्ड या प्रथिनाला बसून हेजहॉगचा संकेत तोडतो. गर्भाचा चेहरा ज्या मार्गाने घडतो तोच मार्ग गाठीत तोडायचा, एवढी जोखीम पहिल्या दिवसापासून समोर होती.

हेजहॉगची कथा थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण यश, अपयश आणि पुढचा धडा तिन्ही तिच्यात आहेत. त्वचेच्या बेसल सेल कर्करोगात बहुतेक वेळा पॅच्ड हे जनुक बिघडलेले असते. पॅच्डचे काम स्मूदन्डला दाबून ठेवणे. ते गेले की स्मूदन्ड मोकाट सुटते. इथे औषध थेट बिघाडाच्या पुढच्या पायरीवर बसते. म्हणूनच २०१२ च्या जानेवारीत व्हिस्मोडेगिबला, रोज १५० मिलिग्रॅम या मात्रेत, मान्यता मिळाली. स्नायूंत गोळे येतात, चव जाते, केस गळतात. चव आणि केस जाणे हा निरोगी ऊतींतला तोच मार्ग बंद झाल्याचा पुरावा आहे. कित्येक रुग्ण गाठीमुळे नव्हे, तर या त्रासामुळे औषध सोडतात.

त्याच महिन्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगातली एक चाचणी थांबवावी लागली. सॅरिडेगिब हे त्याच वर्गातले औषध जेमसिटाबिन या केमोथेरपीसोबत दिले जात होते आणि ते घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. स्वादुपिंडाच्या गाठीत कर्कपेशी हेजहॉगचा संदेश सोडतात खऱ्या, पण तो ऐकतात मुख्यतः आजूबाजूच्या तंतूमय ऊतीतल्या पेशी. ही ऊती हटली की औषध आत शिरेल, असा हिशेब होता. २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसले की हे कुंपण गाठीला काही प्रमाणात आवरूनही धरत होते. ते काढल्यावर गाठी अधिक आक्रमक झाल्या. मार्ग तोच, औषधाचा वर्ग तोच, पण संदेश कोण बोलतो आणि कोण ऐकतो हे वेगळे. चाचणीपूर्वी ही चौकशी पुरी झाली नव्हती.

आता धडा. व्हिस्मोडेगिबने विरघळलेल्या बेसल सेल गाठींच्या जागी थोड्या पेशी उरतात. २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासांत दिसले की या पेशी नवे उत्परिवर्तन न करताच ओळख बदलतात: हेजहॉगवरचे अवलंबन सोडतात आणि विंटचा आधार घेतात. औषध थांबवले की जुन्या वाटेवर परततात आणि गाठ वाढू लागते. विंटही सोबत रोखला, तर उरलेल्या पेशी बऱ्याच घटतात. मला या क्षेत्रातला हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष वाटतो. कारण पेशी पळाल्या आणि त्या कोणत्या वाटेने पळाल्या, हे इथे कळले. कळले याचे कारण कोणीतरी गाठ गेल्यावर मागे काय उरले ते उघडून पाहिले.

विंटबाबत मोठी चूक बिघाडाची पायरी न पाहता औषध निवडण्याची. आतड्याच्या कर्करोगात पाचांपैकी चारांच्या आसपास रुग्णांत एपीसी जनुक बिघडलेले असते. हे जनुक पेशीच्या आत, विंटचा संदेश पुढे नेणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा नाश करणाऱ्या प्रथिनसमूहात काम करते. बाहेरून येणारा विंटचा संदेश अडवणारी औषधे, मग ती पॉर्क्युपाइन एन्झाइमला रोखणारी असोत की फ्रिझल्ड ग्राहीला झाकणारी, इथे निरुपयोगी ठरतात. घंटेचे बटण काढून टाकले, पण पुढच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर घंटा वाजतच राहणार. याउलट आरएनएफ४३ हे जनुक बिघडलेल्या किंवा आर-स्पॉन्डिन जनुकांची जोडणी झालेल्या गाठी बाहेरच्या संदेशावरच जगतात. या औषधांना तिथे अर्थ आहे. अशा रुग्णांची संख्या थोडी, म्हणून चाचणी सर्वांसाठी खुली ठेवण्याचा मोह होतो आणि थोड्यांचा फायदा सरासरीत बुडतो. शिवाय हाडे. फ्रिझल्ड झाकणाऱ्या व्हँटिक्टुमॅबच्या चाचण्यांत रुग्णांची हाडे मोडली, कारण हाड बांधणाऱ्या पेशींना विंट लागतो. मग रक्तातले हाडझिजेचे सूचक तपासत राहणे, ते वाढताच हाडांची झीज रोखणारे झोलेड्रोनिक ॲसिड देणे, मात्रांतले अंतर वाढवणे असे उपाय जोडावे लागले. अंतर वाढवले की गाठीवरचा दाबही सैल होतो. ही ओढाताण या मार्गावर प्रत्येकाच्या वाट्याला येते.

नॉचमध्ये तर दिशाच उलटते. आतड्यात तो रोखला की खोबणींतल्या पेशी श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींत बदलतात आणि जुलाब लागतात. त्वचेत नॉच कर्करोगाला आवरतो. सेमागॅसेस्टॅट हे अल्झायमरसाठीचे औषध. ज्या एन्झाइमला ते रोखते, तेच नॉचलाही कापून चालू करते. २०१० मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी थांबवली, तेव्हा रुग्णांची स्मृती आणखी ढासळली होती आणि त्वचेचे कर्करोग वाढले होते. त्याच एन्झाइमवरचे निरोगॅसेस्टॅट २०२३ मध्ये डेस्मॉइड गाठींसाठी मान्य झाले. १४२ रुग्णांच्या चाचणीत रोग वाढण्याचा धोका ७१ टक्क्यांनी घटला, पण जुलाब ८४ टक्के रुग्णांना झाले आणि प्रजननक्षम वयातल्या चारांपैकी तीन स्त्रियांच्या अंडाशयांचे काम बिघडले. डेस्मॉइड गाठ दूर पसरत नाही, पण जवळच्या भागात खोल घुसते. तिथे हा सौदा परवडला. तो परवडला म्हणून मूलपेशींचा सिद्धान्त सिद्ध झाला, असे म्हणणे मात्र फसवेगिरी होईल.

दाव्याची किंमत सर्वाधिक दिसते ती नॅपाब्युकॅसिनमध्ये. पेशीत वाढीचा संकेत पुढे नेणारे स्टॅट३ हे प्रथिन रोखणारे, ‘मूलपेशीपण’ मोडणारे औषध म्हणून ते जठर, आतडे आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगांत तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. एकट्या स्वादुपिंडाच्या चाचणीत अकराशेहून अधिक रुग्ण होते. कुठेही आयुष्य वाढले नाही. दरम्यान प्रयोगशाळांत दिसू लागले की एनक्यूओ१ नावाचे एन्झाइम या रेणूला घोळवून पेशीत विषारी ऑक्सिजनकण तयार करते, आणि स्टॅट३ वरचा परिणाम बराचसा त्यातून येत असावा. औषध नेमके कशावर काम करते हा प्रश्न तिसऱ्या टप्प्यात गेल्यावर पडावा, यासारखी उफराटी गोष्ट नाही. त्यात एक तांत्रिक खोच आहे, जी सहज विसरली जाते: उंदराचे इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन मानवी पेशीच्या ग्राहीला चालू करत नाही. म्हणजे मानवी गाठ उंदरात वाढवली की स्टॅट३ ला चेतवणारा एक प्रमुख बाह्य संकेत मुळातच गायब असतो, आणि त्या उंदरावर स्टॅट३ च्या औषधाची परीक्षा घेतली जाते.

डीएलएल३ चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. लहान पेशींच्या फुफ्फुस कर्करोगात नॉच कुटुंबातले हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते. निरोगी प्रौढ ऊतींत तिथे ते जवळपास नसते. या लक्ष्यावरचे विषजोडित प्रतिपिंड गाठ रुजवणाऱ्या पेशी मारेल, या आशेवर २०१६ मध्ये ॲबव्ही कंपनीने स्टेमसेंट्रक्स ही कंपनी ५.८ अब्ज डॉलर मोजून घेतली. तिसऱ्या टप्प्यात रुग्णांच्या आयुष्याचा मध्यांक ६.३ महिने निघाला, टोपोटेकॅन या जुन्या केमोथेरपीवर ८.६ महिने. प्रतिपिंडाला जोडलेले विष शरीरभर जाऊन फुफ्फुस आणि हृदयाभोवती पाणी साठवत होते. २०१९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. पण लक्ष्य चुकीचे नव्हते. २०२४ मध्ये त्याच डीएलएल३ ला एका हाताने आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीला दुसऱ्या हाताने धरणाऱ्या टार्लाटॅमॅबला मान्यता मिळाली. पहिल्या दिवशी १ मिलिग्रॅम, आठव्या आणि पंधराव्या दिवशी १० आणि मग दर दोन आठवड्यांनी १०, अशी पायरीपायरीने मात्रा वाढवतात, नाहीतर प्रतिकारशक्तीचा भडका उडतो. पुढच्या मोठ्या चाचणीत आयुर्मान ८.३ वरून १३.६ महिन्यांवर गेले. इथे संकेतमार्ग कोणी बंद केला नाही. मार्गातल्या प्रथिनाचा पत्ता म्हणून उपयोग केला. निरोगी ऊतीत तो पत्ताच नसल्याने आतडे आणि हाडे वाचली.

मग मार्ग बंद करून यश कुठे येते? जिथे मूलपेशीपणाचा कार्यक्रम एका ठरावीक जनुकीय बिघाडावर टांगलेला असतो तिथे. केएमटी२ए जनुक तुटून दुसऱ्याशी जोडले गेलेल्या ल्युकेमियात, मेनिन या प्रथिनाच्या आधाराने होक्सए९ आणि मेइस१ ही स्वतःची नक्कल काढत राहण्याची जनुके चालू राहतात. तो आधार सोडवणाऱ्या रेव्हुमेनिबला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मान्यता मिळाली. पेशी मरण्याआधी पक्व होऊ लागतात; त्यातून ताप, धाप, सूज यांचा धोकादायक संच उद्भवू शकतो आणि वेळेवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावे लागते. काही रुग्णांत मेनिनच्या जनुकातच बदल होऊन औषध बसेनासे होते. हा प्रतिरोधही एका अर्थी आश्वासक आहे: पेशीला लक्ष्यच बदलावे लागले, म्हणजे औषध खरोखर त्याच लक्ष्यावर काम करत होते.

आता मोजमापाकडे, कारण अट घालायची तर ती पाळता यावी लागते. प्रयोगशाळेत सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणजे मर्यादित विरलनाची. रुग्णाची गाठ वाढवलेल्या उंदरांना औषध द्यायचे, गाठ काढून पेशी सुट्या करायच्या, उंदराच्या पेशी आणि मेलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या, आणि मग १०,०००, १,०००, १०० व १० अशा उतरत्या संख्येने दुसऱ्या, औषध न मिळालेल्या उंदरांच्या गटांत टोचायच्या. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांत गाठ येत नाही, त्या मात्रेत सरासरी एक बीजपेशी असते. औषधानंतर गाठ निम्मी झाली पण हे प्रमाण हजारात एकच राहिले, तर औषधाने फक्त गर्दी हटवली. प्रमाण वीस हजारांत एकवर गेले, तर दाव्यात दम आहे.

चुका कुठे होतात तेही ठाऊक असावे. ट्रिपॅन ब्लू या रंगाने जिवंत दिसणारी पेशी मरणाच्या वाटेवर असू शकते. ती टोचल्यावर मरते आणि मूलपेशी घटल्याचा भास होतो, म्हणून मरू घातलेली पेशी ओळखणारी ॲनेक्सिनची चाचणीही हवी. सुट्या करण्याच्या काही एन्झाइमांनी पृष्ठभागावरची चिन्हे कापली जातात आणि मोजणी चुकते. एकेका पेशीपासून किती गोळे वाढतात ते मोजणारी गोलकांची चाचणी स्वस्त म्हणून सर्रास वापरली जाते, पण पेशी दाट पेरल्या तर त्या एकमेकींना चिकटून गोलक बनवतात. एका खाचेत एक पेशी नसेल, तर गोलकांच्या संख्येला काही अर्थ उरत नाही. आणि सावकाश वाढणाऱ्या गाठींसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते. आठ आठवड्यांत प्रयोग आवरला, तर झोपलेल्या पेशी मेलेल्या म्हणून नोंदल्या जातात.

रुग्णांत हे थेट करता येत नाही, पण हात बांधलेलेही नाहीत. शस्त्रक्रियेआधीच्या औषधोपचारात आधीचा आणि नंतरचा नमुना तुलनेसाठी मिळतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगावर बारा आठवडे केमोथेरपी दिल्यावर सीडी४४-अधिक, सीडी२४-उणे पेशींचे प्रमाण ४.७ वरून १३.६ टक्क्यांवर गेले. लॅपाटिनिब हे नेमक्या लक्ष्यावरचे औषध घेणाऱ्यांत तशी वाढ झाली नाही. अशा जोडीच्या नमुन्यांना काही डझन रुग्ण पुरतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात तर रक्तातला रोगाचा जनुकीय माग इतक्या खालपर्यंत मोजता येतो की औषध थांबवून पाहणे हीच कसोटी झाली. २०१० च्या फ्रेंच अभ्यासात दोन वर्षे माग शून्य राहिलेल्या शंभर रुग्णांचे इमॅटिनिब हे औषध बंद केले. सुमारे चाळीस टक्क्यांना वर्षभर औषधाची गरज पडली नाही. परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रोग पहिल्या सहा महिन्यांत परतला आणि औषध पुन्हा सुरू करताच आवरला. मूलपेशींवरच्या औषधासाठी याहून प्रामाणिक निकष मला तरी दिसत नाही: औषध थांबवा आणि रोग किती दिवसांनी परततो ते मोजा.

यावर आक्षेप असा की हाताशी वेळ नसलेल्या रुग्णाला मोजमापासाठी थांबवणे क्रूर आहे. पण शेवटच्या टप्प्यातल्या, गाठींनी भरलेल्या शरीरात फक्त बीजपेशी मारणारे औषध देणे, तेही एकटे, हे गणितानेच निष्फळ ठरते. सुरुवातीचा शंभर कोटींचा हिशेब तेच सांगतो. अशा औषधाची जागा शस्त्रक्रियेनंतर किंवा केमोथेरपीने गर्दी हटल्यावर, थोडा रोग उरलेला असताना आहे. तिथे चाचणीला वर्षे लागतात, खर्च वाढतो आणि गुंतवणूकदार कंटाळतात, हे खरे. म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झटपट चाचणी करून पाहण्याची रीत पडली. तिची किंमत त्या रुग्णांनी मोजली.

संमतिपत्रातली भाषाही बदलायला हवी. ‘कर्करोगाच्या मूलपेशींना लक्ष्य करणारे औषध’ हे वाक्य वाचून रुग्णाला वाटते की रोग मुळासकट जाणार. मूल या शब्दाचा तो गुणच आहे. त्या जागी तीन साध्या गोष्टी लिहाव्यात: हे औषध कोणते प्रथिन रोखते, तुमच्या गाठीत त्या मार्गाचा बिघाड तपासून सापडला आहे की नाही, आणि हे औषध दिल्यावर उरलेल्या पेशींची गाठ रुजवण्याची क्षमता आजवर कुठे, किती घटलेली मोजली आहे. तिसऱ्या रकान्यात लिहायला काही नसेल, तर तो रिकामा छापावा आणि रुग्णाला सही करण्यापूर्वी तो दाखवावा.